ऑब्जेक्टचा द्विमितीय अ‍ॅरे भरताना या चुका टाळा

जावा शिकवताना मी दर वर्षी एक प्रॉब्लेम आवर्जून देते: नाट्यगृहातल्या आसनांचा तक्ता. ५ ओळी, प्रत्येक ओळीत ८ खुर्च्या. प्रत्येक खुर्ची म्हणजे ‘आसन’ या क्लासचा एक ऑब्जेक्ट. त्यात ओळ, क्रमांक, दर आणि बुक झाली की नाही, एवढी माहिती. इंटिजरचा द्विमितीय अ‍ॅरे ज्यांना सहज जमलेला असतो, तीच मुलं इथे हमखास अडकतात. त्यात त्यांचा दोष नाही. इंटिजरच्या अ‍ॅरेने हाताला लावलेली सवय इथे आडवी येते.

(खाली कोडच्या ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये कीवर्ड आणि आकडे नेहमीच्या इंग्रजी लिपीतच टाका. व्हेरिएबलची नावं मात्र जावाला देवनागरीतही चालतात.)

अ‍ॅरे झाला, ऑब्जेक्ट झाले का?

आसन[][] तक्ता = न्यू आसन[५][८];
तक्ता[२][३].बुक();

पहिली ओळ बिनबोभाट चालते आणि दुसऱ्या ओळीला नल पॉइंटर एक्सेप्शन येतो. पहिल्या ओळीत ‘न्यू’ आहे, ‘आसन’ही आहे, त्यामुळे ४० आसनं तयार झाली असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या ओळीने मेमरीत ६ गोष्टी तयार केल्या: ८ घरांचे ५ छोटे अ‍ॅरे, आणि त्या पाचांचे पत्ते ठेवणारा एक बाहेरचा अ‍ॅरे. आसनाचा ऑब्जेक्ट एकही नाही. चाळीसही घरांत नल, म्हणजे काहीच नाही.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आठवा. ५ बाय ६, म्हणजे ३० खळगे. रिकामा ट्रे घरी आणला म्हणून पोळा करता येत नाही. इंटिजरच्या अ‍ॅरेत खळग्यांत आपोआप शून्य येऊन बसतं आणि त्या शून्यात लगेच बेरीज करता येते, म्हणून हा फरक तोवर जाणवलेलाच नसतो.

आधी सी प्लस प्लस शिकून आलेल्यांची अडचण आणखी वेगळी. तिथे ‘आसन तक्ता[५][८]’ एवढं लिहिलं की डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करताना चालणारा कोड) खरोखर ४० वेळा चालतो. तीच अपेक्षा जावाकडून ठेवली की फसगत होते. जावात प्रत्येक घरासाठी स्वतंत्र ‘न्यू’ लागतो आणि तो दोन लूपच्या आत लागतो:

फॉर (इंट ओ = ०; ओ < तक्ता.लेंग्थ; ओ++)
  फॉर (इंट क = ०; क < तक्ता[ओ].लेंग्थ; क++)
    तक्ता[ओ][क] = न्यू आसन(ओ + १, क + १);

एरर आली की लाल अक्षरं बघून घाबरून खिडकी बंद करू नका, ती वाचा. जावा १५ पासून हा मेसेज मूळचाच सविस्तर येतो: कोणती गोष्ट नल होती तेही त्यात असतं. ‘तक्ता[२][३] नल असल्यामुळे बुक ही मेथड चालवता आली नाही’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर घर रिकामं आहे. ‘तक्ता[२] नल असल्यामुळे अ‍ॅरेतून वाचता आलं नाही’ असं असेल तर अख्खी ओळच तयार झालेली नाही. आणि नुसता ‘तक्ता’च नल असेल तर चूक त्याहूनही आधीची आहे, तिच्याकडे पुढे येऊ. हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. एक लक्षात ठेवा, इंडेक्स व्हेरिएबलमध्ये असेल तर मेसेजमध्ये ‘ओ’ आणि ‘क’ ही नावं दिसतात, त्यांच्या किमती दिसत नाहीत. त्या हव्या असतील तर आधीच्या ओळीत प्रिंट करून घ्या. कमांड लाइनवरून कंपाइल करताना नावांऐवजी ‘लोकल १’ असं काही दिसलं, तर जावासी कमांडला ‘-जी’ हा पर्याय द्या.

एक खुर्ची बुक केली, चाळीसही बुक झाल्या

गेल्या सत्रात लॅबमध्ये एक विद्यार्थिनी अर्धा तास लूपच्या अटी बदलत बसली होती. ‘<’ ऐवजी ‘<=’, शून्याऐवजी एक, सगळं करून झालं. स्क्रीनवर तक्ता मात्र तसाच: पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत ‘५-८’, ‘५-८’, ‘५-८’. चाळीस वेळा शेवटच्याच खुर्चीचा नंबर. “मॅडम, लूप बरोबर फिरतोय, मी मोजलं,” ती म्हणाली, आणि तिचं खरंच होतं. लूपमध्ये काहीच चूक नव्हती. चूक लूपच्या एक ओळ वर होती:

आसन नवं = न्यू आसन();

मग लूपमध्ये ‘नवं’ला ओळ द्यायची, क्रमांक द्यायचा आणि तक्ता[ओ][क] मध्ये ठेवायचं. ‘न्यू’ एकदाच चालला, त्यामुळे ऑब्जेक्ट एकच. अंड्याच्या ट्रेची उपमा इथे अपुरी पडते, कारण एकच अंडं चाळीस खळग्यांत बसत नाही. अ‍ॅरेच्या घरात ऑब्जेक्ट नसतो, त्याच्या पत्त्याची चिठ्ठी असते. चाळीस घरांत चाळीस चिठ्ठ्या होत्या, पण सगळ्यांवर पत्ता त्याच एका घराचा. लूपच्या प्रत्येक फेरीत तिने त्या एकाच घराच्या दारावरची पाटी बदलली, आणि शेवटची पाटी तेवढी राहिली. मी तिला ‘तक्ता[०][०] == तक्ता[४][७]’ प्रिंट करायला सांगितलं. उत्तर ‘ट्रू’ आलं आणि ती ओळ तिने स्वतःच उचलून आतल्या लूपमध्ये नेली.

हीच चूक लपूनही येते. अ‍ॅरेज.फिल (सगळ्या घरांत एकच किंमत भरणारी मेथड) वापरून एका ओळीला ‘न्यू आसन()’ दिलं की त्या ओळीतली आठही घरं एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. आणि फिलला ओळीऐवजी सगळा तक्ताच दिला तर प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो, पण रन करताना अ‍ॅरे स्टोअर एक्सेप्शन येतो, कारण बाहेरच्या अ‍ॅरेच्या घरांत ओळी ठेवायच्या असतात, आसनं नव्हे.

पायथनवाल्यांनी तर इथे जास्तच जपायला हवं. ‘[[आसन()] * ८] * ५’ ही ओळ दिसायला इतकी सुटसुटीत की मोह होतोच. पण गुणाकाराचं चिन्ह ऑब्जेक्टची नक्कल करत नाही, चिठ्ठीची करतं. आसन एकच, आणि वर ओळही एकच, पाच वेळा मोजलेली. त्यामुळे एका घरात नवा ऑब्जेक्ट ठेवला तरी तो पाचही ओळींत दिसतो. दोन्ही पातळ्यांवर लिस्ट कॉम्प्रिहेन्शन वापरा, म्हणजे आसन() प्रत्येक घरासाठी नव्याने चालेल.

सगळ्या खुर्च्यांवर सारखीच माहिती येण्याचं आणखी एक कारण म्हणजे क्लासमधल्या फील्डला चुकून लावलेला ‘स्टॅटिक’. स्टॅटिक फील्ड सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामायिक असतं. वरची ‘==’ ची चाचणी ‘फॉल्स’ आली आणि तरीही सगळीकडे ‘५-८’च दिसतंय, तर आधी क्लासमध्ये स्टॅटिक शोधा.

फॉर-ईचने भरू नका

फॉर (आसन[] ओळ : तक्ता)
  फॉर (आसन आ : ओळ)
    आ = न्यू आसन();

हा कोड कंपाइल होतो, रन होतो, चाळीस आसनं खरोखर तयारही करतो. आणि तक्ता आधीसारखाच रिकामा राहतो. ‘आ’ हे लूपचं स्वतःचं व्हेरिएबल आहे. त्यात घरातल्या चिठ्ठीची प्रत येते. प्रतीवर खाडाखोड केली तरी मूळ चिठ्ठी बदलत नाही. वाचायला, दर बदलायला, छापायला फॉर-ईच उत्तम. भरायला इंडेक्सचाच लूप घ्या.

कन्स्ट्रक्टरमध्ये लिहिलेला एक जास्तीचा शब्द

मेसेजमध्ये ‘तक्ता’च नल आहे असं दिसलं तर सरळ ‘नाट्यगृह’ क्लासच्या कन्स्ट्रक्टरकडे जा. वर फील्ड म्हणून ‘आसन[][] तक्ता;’ लिहिलेलं असतं आणि कन्स्ट्रक्टरमध्ये पुन्हा ‘आसन[][] तक्ता = न्यू आसन[५][८];’. पुन्हा टाइप लिहिल्यामुळे तिथे त्याच नावाचं दुसरंच लोकल व्हेरिएबल जन्माला येतं. सगळी भरणी त्याच्यात होते, कन्स्ट्रक्टर संपला की ते नाहीसं होतं, आणि फील्ड नलच राहतं. सुरुवातीचा ‘आसन[][]’ खोडा, एवढंच. ही चूक मला सगळ्यांत वाईट वाटते, कारण मुलांनी बाकीचा सगळा कोड अचूक लिहिलेला असतो आणि तरी ती तोच पुन्हा पुन्हा पुसून लिहीत बसतात.

ओळ आणि कॉलम यांची अदलाबदल होते तेव्हा ‘इंडेक्स ५, लांबी ५’ असं सांगणारी एरर येते. ती यायला हवी असेल तर सराव करताना ४ बाय ४ चा तक्ता घेऊ नका. चौरस तक्त्यात ही चूक लपून राहते आणि परीक्षेत ५ बाय ८ आला की बाहेर पडते.

नक्की काय बिघडलंय ते कळत नसेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये एक मोजणी ठेवा (इथे मात्र स्टॅटिक व्हेरिएबलच हवं) आणि तक्ता भरून झाल्यावर तो आकडा छापा. ० आला तर ‘न्यू’ चाललाच नाही. १ आला तर तो लूपच्या बाहेर आहे. ५ आला तर तो बाहेरच्या लूपमध्ये अडकलाय, किंवा कुणीतरी फिल वापरलंय. ४० आला आणि तरीही घरं रिकामी असतील तर फॉर-ईच किंवा ते जास्तीचं लोकल व्हेरिएबल तपासा.

आणि तक्ता छापताना चौकटी कंस, क्लासचं नाव आणि पुढे अगम्य आकडा-अक्षरं आली, तर भरणीला दोष देऊ नका. ती अ‍ॅरेची स्वतःची छापायची रीत आहे. अ‍ॅरेज.डीपटूस्ट्रिंग वापरा आणि आसन क्लासमध्ये टूस्ट्रिंग मेथड लिहा. दोन्ही केलं तरच खुर्च्यांचे नंबर दिसतील.

हे सगळं जमलं की खऱ्या नाट्यगृहाकडे या. तिथे बहुधा पुढच्या ओळी लहान आणि मागच्या मोठ्या असतात. जावात त्यासाठी ‘न्यू आसन[५][]’ असं दुसरा कंस मोकळा ठेवून लिहिता येतं. तेव्हा पाचही ओळी नल असतात, म्हणून बाहेरच्या लूपमध्ये आधी ‘तक्ता[ओ] = न्यू आसन[६ + ओ];’ असं ओळ बनवायचं आणि मगच आतल्या लूपमध्ये खुर्च्या ठेवायच्या. आतल्या लूपची अट ‘तक्ता[०].लेंग्थ’ अशी लिहिण्याची सवय असेल तर ती इथे मोडा. पहिल्या ओळीत ६ खुर्च्या आणि शेवटच्या ओळीत १०. त्या अटीने शेवटच्या ओळीतल्या ४ खुर्च्या नलच राहतील, आणि तिथलं पहिलं तिकीट काढेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.