गॅस कुणी पेटवायचा, भांडं कुणी ठेवायचं

ठाण्याहून इस्रायलला आलो आणि कश्रुतच्या, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या धार्मिक नियमांच्या, देखरेखीचं काम शिकायला लागलो. वाटलं होतं, पाठ करायची यादी असणार: हे चालतं, हे नाही. पहिल्याच आठवड्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात दोन अनुभवी माणसं माझ्यासमोर जुंपली. अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यू परंपरेतल्या, सहकाऱ्याने गॅस पेटवला आणि ज्यू नसलेल्या आचाऱ्याला म्हणाला, आता कर तू. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या परंपरेतले, काका आडवे आले: भांडंही आपल्यातल्याच कुणी ठेवायला हवं!

दोघंही बरोबर. योसेफ कारोंचा ‘शुल्हान आरूख’ हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. आचारी ज्यू नसेल तर त्यांच्या मते ज्यूने अन्न आचेवर ठेवायला हवं. क्राकोवच्या मोशे इसर्लिसांनी टीप जोडली, विस्तव पेटवला तरी पुरे. आमच्याकडे शेवटी भांडं काकांनीच ठेवलं. दोघांचंही समाधान, वाद खलास.

वाद दिसला की कोणता रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोठा हे शोधत बसू नका. बंदी तोराची (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची) की रब्बींनी घातलेली, ते आधी बघा. तोराची असेल तर शंकेत कडक राहायचं, रब्बींची असेल तर शंकेत सवलत. मांस आणि दूध एकत्र करायला तोराचीच बंदी आहे, कोंबडी आणि दुधाला मात्र रब्बींची. म्हणूनच बदामाच्या दुधात मांस शिजवताना शेजारी बदाम ठेवा, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होणार नाही, असं इसर्लिस सांगतात. कोंबडीसाठी मात्र ते एवढा आग्रह धरत नाहीत. माझी आई यातलं काही न वाचता नारळाच्या रसातल्या मटणावर खोबऱ्याचे काप पेरते.

मग घराण्याची रीत. पेसाह या सणाला आम्ही बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) भात खातो, अश्केनाझी शेजारी खात नाहीत. मांसानंतर दुधासाठी कुणी सहा तास थांबतं, जर्मन घराण्यांत तीन, डच घराण्यांत एक. आपली रीत सोडून सोयीची उचलू नये. आणि सगळ्यांचे कडक नियम गोळा करणाऱ्याला तालमूद, हा रब्बींच्या चर्चांचा जुना ग्रंथ, सरळ मूर्ख म्हणतो!

माझी स्वतःची चूक सांगतो. मटणाच्या गरम सुपात दुधासाठी वापरायचा चमचा पडला. आमच्या रब्बींना घाईत फोन केला, ते म्हणाले, टाकून द्या. एवढं मोठं पातेलं! मी गुपचूप दुसऱ्यांना फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं, “आधी कुणाला विचारलंस?” मी गप्प. “मग त्यांनाच सांग, चमचा शेवटचा गरम दुधात केव्हा होता, आणि सूप त्याच्या साठपट आहे का.”

चमचा दोन दिवस कोरडा पडून होता. चोवीस तास उलटले की हिशोब बदलतो, आणि नेमकं तेच मी सांगितलं नव्हतं. सूप वाचलं. चमचा तेवढा उकळत्या पाण्यात गेला.