नारायणराव पेशव्यांच्या खुनावर वाद घालण्याआधी

मी कॉलेजातल्या मुलांची वादविवादाची तयारी करून घेते. ‘आनंदीबाई दोषी की निर्दोष?’ हा विषय आला की आधी एकच काम देते: आपलं मत लिहा, आणि कोणता पुरावा मिळाला तर ते बदलाल, हे त्याखाली लिहा. ही दुसरी ओळ कोरी राहिली तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मग कागदावर रकाने पाडा. पहिला घटनेचा: ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, मारेकरी गारदी, म्हणजे पेशव्यांच्याच पदरचे भाडोत्री शिपाई. यावर भांडण नाही. दुसरा चौकशीचा: न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना, म्हणजे नारायणरावांच्या काकांना आणि आनंदीबाईंच्या नवऱ्याला, दोषी धरलं. तिसरा ऐकीव गोष्टींचा, आणि ‘ध’चा ‘मा’, म्हणजे आनंदीबाईंनी हुकमाच्या पत्रातलं ‘धरावे’ खोडून ‘मारावे’ केलं ही गोष्ट, तिथेच बसते. इथे मात्र रेंगाळा. खाडाखोड केलेलं पत्र कुणी पाहिलं? ही गोष्ट पहिल्यांदा कधी लिहिली गेली? लिहिणारा कोणाच्या बाजूचा? बारभाई, म्हणजे खुनानंतर एकत्र आलेले कारभारी, राघोबांच्या विरोधात होते, म्हणून त्यांच्याकडचा कागद आपोआप खोटा ठरत नाही. पण दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत सगळा भार त्यावर टाकू नका. राघोबांच्या बाजूच्या कागदालाही हेच माप लावा.

मला चीड येते ती एकाच गोष्टीची. राघोबांसाठी आपण पुरावा मागतो, आनंदीबाईंसाठी दंतकथा पुरते. खरं तर त्या दंतकथेतही पुतण्याला धरण्याचा हुकूम राघोबांचाच आहे!

मोडी वाचता येत असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर गाठा. नसेल तर छापील कागदपत्रं घ्या, आणि प्रत्येक उताऱ्यापुढे त्याची तारीख लिहीत चला.