अडलेली बोली आणि आंधळी उतारी: ब्रिजमध्ये निर्णय कसा घ्यायचा

ब्रिज खेळायला लागून दोनचार वर्षं झाली की पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) मोजता येतात, सिस्टिम (कुठल्या बोलीचा काय अर्थ ते) पाठ होते, आणि तरी दर वेळी दोनतीन डाव असे येतातच की आपण पानांकडे बघत नुसते बसून राहतो. माझ्या मते घोळ तिथेच होतो, पानांकडे बघत बसण्यात. आपली 13 पानं काही बदलत नाहीत, उरलेल्या 39 बद्दल टेबलावर काय काय बोललं गेलं ते आठवायचं सोडून आपण तीच तीच परत लावत बसतो.

आधी बोली. स्वतःला पहिला प्रश्न हा विचारा की माझं सांगून झालंय का?

समजा भिडूने 1 इस्पिक उघडलं (पहिली बोली, म्हणजे त्याच्याकडे पाच इस्पिक), उजवीकडून 2 बदाम आलं. तुमच्याकडे राजा-दश्शीसकट पाच इस्पिक, एकच बदाम, राणीवर चार चौकट आणि तीन फुटकळ किलवर. तुम्ही थेट 4 इस्पिक म्हणालात, बरोबरच आहे. डावीकडचा 5 बदाम म्हणाला, दोन पास, आणि बोली परत तुमच्यावर. ते व्हल्नरेबल (म्हणजे त्यांना बोनसही मोठा आणि दंडही), तुम्ही नाही. हात शिवशिवतो ना 5 इस्पिक म्हणायला?

आता दोन्ही बाजूंचे हुकूम मोजा. फ्रान्सच्या ज्याँ-रने व्हर्न यांनी मांडलेला हा हिशोब आहे, की दोन्ही बाजूंचे आपापल्या रंगातले हुकूम मिळून जितके होतात साधारण तितकेच दोघांचे मिळून हात होतात. आपले इस्पिक 10. बदाम तुमच्याकडे एक, भिडूकडे तीन धरले तर त्यांच्याकडे 9. एकूण 19. म्हणजे त्यांचे 11 हात होत असतील तर आपले 8, आणि त्यांचे 10 होत असतील तर आपले 9. पाचच्या बोलीला 11 हात लागतात. पहिल्या केसमध्ये 5 इस्पिक डबल होऊन (समोरच्यांनी दंड वाढवून) तीन हातांनी पडतं, 500 गेले, आणि त्यांना खेळू दिलं असतं तर 650 गेले असते, म्हणजे 150 वाचले. दुसऱ्या केसमध्ये ते एकाने पडून आपल्याला 100 मिळणार होते, त्याऐवजी आपण दोनाने पडून 300 देतो. वाचवायला गेलो 150 आणि घालवले 400! पास करा. डबलही नको, पाच पॉइंटांवर कसलं डबल, भिडूला हवं असतं तर त्याने केलं असतं. उडी मारून बोली लावणाऱ्याने आपलं सगळं सांगितलेलं असतं, पुढचं भिडूवर सोडायचं.

हा हिशोब एखाद्या हाताने चुकतो, विशेषतः कुणाकडे एखादा रंगच नसेल किंवा दोन रंग जुळत असतील तेव्हा. बेरीज 21 वगैरे येत असेल तर बिनधास्त बोला. आणि हो, भिडू बराच वेळ अडून मग पास म्हणाला तर त्या अडण्यावरून काही ठरवायचं नाही, ते नियमात बसत नाही.

आता उतारी, म्हणजे डावाचं पहिलं पान. इथे डमी (डाव खेळणाऱ्या डिक्लेररच्या भिडूची पानं, जी नंतर उघडी होतात) दिसत नसते म्हणून लोक सवयीवर जातात, सगळ्यात लांब रंगातलं चौथं पान आणि सुटले. मीही कितीतरी डाव असेच दिलेत.

बोली झाली 1 नोट्रम्प (म्हणजे बिनहुकमाचा डाव), 3 नोट्रम्प, संपलं. उतारी तुमची, आणि पानं अशी: इस्पिक दश्शी-नव्वी-चौकी, बदाम अठ्ठी-पंजी, चौकट गुलाम-अठ्ठी-पंजी-तिर्री-दुर्री, किलवर तीन छोटी. चौकट पाच आहेत खरी, पण ती उभी राहीपर्यंत परत उतारी मिळवणार कशी, एक एक्का-राजा नाही हातात. तुमचा एकच पॉइंट. त्यांचे मिळून साधारण 26 धरले तर 40 मधले 13 एकट्या भिडूकडे, म्हणजे डाव पाडायचा तर त्यानेच. बिचाऱ्याला बोलायची संधी आली ती थेट चारच्या पातळीवर, त्यामुळे तो गप्प राहिला यात काही विशेष नाही. डमीने स्टेमन (चार पानी इस्पिक किंवा बदाम आहेत का, हे भिडूला विचारणारी बोली) विचारलं नाही, म्हणजे तिथे चार इस्पिक किंवा चार बदाम असायची शक्यता कमी, मग ते भिडूकडे असायची शक्यता वाढली. इस्पिकची दश्शी टाका. दोन बदामांतली अठ्ठीही चुकीची नाही, पण इस्पिक तीन आहेत, भिडूला मदत जास्त.

हुकमाच्या डावात प्रश्न वेगळा, की डिक्लेररचे हात येणार कुठून? तो 1 इस्पिक म्हणाला, मग 2 बदाम, आणि डमीने पास करून बदामच ठेवले. तुमच्याकडे इस्पिक राजा-गुलाम-दश्शी-अठ्ठी. डमीत इस्पिक कमी, तो तिथे ती हुकमाने मारत बसणार, म्हणून पहिल्याच पानाला हुकूम ओढा. याउलट डमीने एखादा लांब भरीव रंग दाखवला असेल तर वेळ नाही, तो त्यावर नको असलेली पानं टाकून मोकळा होईल, तेव्हा न बोललेल्या रंगात राजा किंवा राणीखालून हल्ला करायचा. एक्क्याखालून मात्र हुकमाच्या डावात सहसा नको. आणि 6 नोट्रम्पविरुद्ध उगाच मर्दुमकी नको, काही फुकट जाणार नाही असं पान शोधा.

ठरलं की पान पालथं ठेवा, नियम तसाच आहे. भिडूला बोलीबद्दल काही विचारायचं असेल तर तो तेव्हा विचारतो, आणि उतारी तुमची नव्हतीच असं निघालं तर डायरेक्टरला बोलावून पान परत घेता येतं. सुलटं केल्यावर मात्र ते तितकं सोपं राहत नाही.