सहकाऱ्यानं दगा दिल्यावर होणाऱ्या चुका, आणि झाल्याच तर काय करायचं

सातवी स्लाइड पडद्यावर आली आणि मला माझीच चूक दिसली. ‘वितरण’च्या जागी ‘विततरण’. आठवडाभर आधी घाईत टाइप करताना माझ्याच हातून झालेली. ती फाइल मी एका सहकाऱ्याला ‘जरा नजर टाक’ म्हणून पाठवली होती. आता तो ती स्वतःची म्हणून मांडत होता आणि साहेब मान डोलवत होते. माझं नाव त्यानं काढलं होतं, चूक तेवढी राहू दिली होती.

पुढच्या महिनाभरात मी जे केलं, त्यानं माझं त्या स्लाइडपेक्षा जास्त नुकसान झालं. म्हणून खालच्या चुका बहुतेक माझ्याच आहेत.

त्याच रात्री मेसेज पाठवणं

राग आल्यावर लिहायला हरकत नाही, फक्त ‘कुणाला पाठवायचं’ तिथे कुणाचं नाव टाकू नका. मी टीमच्या ग्रुपवर टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी चर्चा स्लाइडची नाही, माझ्या भाषेची झाली. असा मेसेज तुमच्याकडून आधीच गेला असेल तर सुराबद्दल माफी मागा, मुद्द्याबद्दल नको. ‘मी ग्रुपवर लिहायला नको होतं. विषय मात्र बाकी आहे, आपण बसून बोलू.’ एवढं पुरतं.

विचारण्याआधीच निकाल देणं

दुसरा असा का वागला, हे ठरवताना आपण त्याचा स्वभाव आधी पकडतो, परिस्थिती मागाहून, तीही आठवली तर. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली या खोडीला मूलभूत आरोपण दोष असं नाव दिलं. कधी नाव साहेबांनीच गाळलेलं असतं, कधी समोरच्यावर आदल्या रात्री काम येऊन पडलेलं असतं. आणि कधी तो खरंच लबाड असतो, तेही नाकारायचं कारण नाही. पण विचारल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही.

विचारायचं ते एकट्यात, आणि जे घडलं तेवढंच सांगून: ‘मंगळवारच्या सादरीकरणातल्या सहा ते दहा या स्लाइड मी केल्या होत्या. माझं नाव नव्हतं. असं का झालं?’ आणि मग गप्प बसायचं. ‘तू नेहमीच असं करतोस’ म्हटलंत की तो ‘नेहमी’वर भांडतो आणि स्लाइड बाजूला राहते.

गट जमवणं

चहाला तिघांना सांगितलं, हलकं वाटलं. चौथ्या दिवशी तीच गोष्ट तिखटमीठ लागून माझ्याकडे परत आली. मन मोकळं करायला माणूस हवाच. शक्यतो ऑफिसबाहेरचा शोधा.

पुरावा चुकीच्या जागी ठेवणं

प्रकार पुन्हा घडला तर नोंद लागतेच: तारीख, काय झालं, समोर कोण होतं. पण कंपनीच्या फाइल स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. अनेक करारांत तो नियमभंग ठरतो, आणि तक्रार करायला गेलेला माणूसच खुलासा देत बसतो.

एकाचं बिल सगळ्यांच्या नावावर फाडणं

ही चूक सगळ्यांत उशिरा कळते, कारण करताना ती सावधगिरी वाटते. त्याच महिन्यात टीममध्ये एक नवी मुलगी आली. तिनं जुन्या अहवालाचा नमुना मागितला. ‘फोल्डरमध्ये बघ’, मी म्हणालो. तो फोल्डरमध्ये नव्हता, माझ्या लॅपटॉपवर होता, आणि हे मला माहीत होतं. तिनं दोन दिवस शोधला. तिनं माझं काय घोडं मारलं होतं?

१९८०च्या सुमारास राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणक प्रोग्रामांची स्पर्धा लावली: प्रत्येक जोडीनं फेरीमागून फेरी ठरवायचं, सहकार्य की दगा. पहिल्या स्पर्धेत १४ प्रोग्राम आले. जिंकला तो अनातोल रापोपोर्ट यांचा अगदी साधा ‘जशास तसे’. सुरुवात सहकार्यानं, मग समोरच्यानं मागच्या फेरीत केलं तेच. दुसऱ्या वेळी ६२ प्रोग्राम आले, तरी पुन्हा तोच जिंकला. लोक यातून ‘जशास तसे’ एवढंच उचलतात. मला मोलाचं वाटतं ते वेगळं: तो स्वतःहून कधी दगा देत नाही, समोरचा सुधारला की लगेच सुधारतो, आणि एकाची उधारी दुसऱ्याकडून वसूल करत नाही. नंतरच्या अभ्यासात हेही दिसलं की चुकून पडलेलं पाऊल दगा समजलं गेलं तर दोन ‘जशास तसे’ एकमेकांवर सूड उगवत राहतात; तिथे अधूनमधून सोडून देणारा पुढे जातो.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीला नमुना पाठवला, आणि तो माझ्याकडेच होता हेही सांगितलं. ‘बरं’ म्हणाली. त्यानंतर तिनं मला बरेच दिवस काही विचारलं नाही.

हिशेब फिटायची संधी साधणं

वर्षअखेरीस त्याच सहकाऱ्याबद्दल माझा अभिप्राय मागितला गेला. ग्राहकांशी तो खरंच उत्तम बोलतो, ते लिहिलं. श्रेयाच्या रकान्यात त्या मंगळवारची तारीख आणि काय घडलं ते लिहिलं, विशेषणं खोडली. फॉर्म दहा मिनिटांचा होता. मला दोन दिवस लागले.