गोठणबिंदूच्या घटीवरून मोलार वस्तुमान कसे काढावे

विरल द्रावणाचा गोठणबिंदू शुद्ध द्रावकापेक्षा किती खाली येतो, हे द्राव्य कोणते आहे यावर नव्हे, तर त्याचे किती कण विरघळले आहेत यावर ठरते; म्हणूनच तराजू आणि 0.01 अंशापर्यंत वाचता येणारा तापमापक हाताशी असला की अनोळखी पदार्थाचे मोलार वस्तुमान, म्हणजे त्याच्या एका मोलाचे ग्रॅममधील वस्तुमान, काढता येते. हात बसावा म्हणून पहिला प्रयोग युरियासारख्या ओळखीच्या पदार्थावरच करावा.

100 ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात 3 ग्रॅम युरिया विरघळवावा. पाणी मापाने न घेता वजन करूनच घ्यावे, कारण गणित द्रावकाच्या वस्तुमानावर चालते. आधी त्याच तापमापकाने शुद्ध पाण्याचा गोठणबिंदू नोंदवावा, म्हणजे तापमापकाची स्वतःची चूक वजाबाकीत निघून जाते.

द्रावणाची परीक्षानळी दुसऱ्या रुंद नळीत बसवून, मधे हवेचा थर राखून, बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवावी. हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकते, पण इतकी थंडी घातकच. मीठ बेताने घालून उणे 5 च्या आसपास थांबावे. सावकाश ढवळत दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपावे.

खरी कसोटी इथेच लागते. द्रावण गोठणबिंदूच्या खाली जाऊनही काही वेळ नितळच राहते, मग एकाएकी सुईसारखे स्फटिक पसरून ते धूसर होते आणि पारा वर उसळतो. उसळीआधीचा तळ म्हणजे गोठणबिंदू, असा समज फार जणांचा होतो. तळ उणे 1.6 असेल आणि तोच धरला, तर युरियाचे मोलार वस्तुमान 60 ऐवजी 35 येते. उसळीनंतरही तापमान हळूहळू उतरतच राहते, कारण बर्फ वेगळा होत जातो तसे उरलेले द्रावण अधिक संहत (दाट) होते. म्हणून आलेखातील ही उतरती रेषा मागे वाढवून ती आरंभीच्या थंड होण्याच्या रेषेला जिथे छेदते, ते तापमान घ्यावे.

घट 0.93 अंश आली, तर 1.86 × 3 × 1000 ÷ (0.93 × 100) = 60 ग्रॅम प्रति मोल. यातील 1.86 हा पाण्याचा स्थिरांक आहे, म्हणजे एक किलो पाण्यात एक मोल कण विरघळल्यावर होणारी घट; 3 आणि 100 ही युरिया व पाण्याची ग्रॅममधील वस्तुमाने, आणि 1000 हे पाण्याचे ग्रॅम किलोत आणण्यासाठी. वाचनात 0.05 अंशाची चूक झाली, तरी उत्तर पाच टक्क्यांहून अधिक ढळते.

मिठाला मात्र हे सूत्र जसेच्या तसे लावू नये. 100 ग्रॅम पाण्यात 2.92 ग्रॅम मीठ घातल्यास घट सुमारे 1.7 अंश येते आणि 58.4 ऐवजी 32 उत्तर मिळते, कारण सोडियम आणि क्लोराइड आयन सुटे होऊन कणांची संख्या जवळजवळ दुप्पट होते.