खोगीर कारागिरीची तिकिटं कशी जमवायची

हस्तकला म्हटलं की टपाल तिकिटांवर विणकर, कुंभार लगेच सापडतात, खोगीर बनवणारा मात्र शोधावा लागतो, म्हणूनच हा विषय घ्या म्हणतो मी. कॅटलॉगमध्ये नुसतं घोडा शोधू नका, ढिगाने तिकिटं येतात आणि संग्रहात खोगीरभरती होते. इंग्रजीत सॅडलर, जर्मनमध्ये सॅटलर, फ्रेंचमध्ये सेलिए असं टाकून बघा.

तिकीट हाती आलं की भिंगातून आधी कारागिराचे हात बघा. हाताच्या खऱ्या टाक्यात मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात, आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एका बाजूचा दोरा घासून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो, मशीनचा टाका तसा टिकत नाही. म्हणून चामडं गुडघ्यांमधल्या लाकडी चिमट्यात आणि दोन्ही हात दोन बाजूंना ताणलेले दिसले, तर चित्रकाराने काम जवळून बघितलंय समजा, असं तिकीट थोडं महाग पडलं तरी सोडू नका!

अल्बममध्ये देशांप्रमाणे लावू नका, कामाच्या क्रमाने लावा, आधी लाकडी सांगाडा, मग पट्टे, चामडं, आतली लोकर, शेवटी तंग (घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टा) नि रिकीब (पाय ठेवायची कडी). भारताचं पान हवंच, त्यात 2009 चा घोड्यांच्या जातींचा चार तिकिटांचा संच लावा आणि खाली लिहा की कानपूरच्या खोगिरांना जीआय टॅग, म्हणजे त्या गावाच्या खास मालाची सरकारी ओळख, आहे. आपल्याकडची तिकिटं नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत (मुख्य टपाल कार्यालयात) फिलाटेली ब्युरोला, म्हणजे तिकीट जमवणाऱ्यांसाठीच्या विभागाला, विचारायची, बाहेरच्या देशांची डीलरकडे किंवा प्रदर्शनात.

वापरलेलं तिकीट कोमट पाण्यात 15-20 मिनिटं ठेवा, ओढू नका, आपोआप सुटतं, मग ब्लॉटिंग पेपरवर पालथं वाळवा. स्टिकरवालं असेल तर पाण्यात टाकूच नका, भोवती थोडा कागद ठेवून कापून घ्या.

आणि नागपूरकरांनो, कूलर!! मे महिन्यात बाहेर कोरडं रखरखीत असतं, पण कूलरच्या खोलीत हवा दमट, कोऱ्या तिकिटाचा गोंद ओला होऊन पानाला चिकटतो आणि किंमत गेलीच. अल्बम दुसऱ्या खोलीत, उभा ठेवा, पीव्हीसीची पाकिटं तर अजिबात नको.

पुढे प्रदर्शनात द्यायचं असेल तर एका फ्रेमला ए-फोरची 16 पानं लागतात, तेवढ्याचाच आराखडा आधी पेन्सिलने करून घ्या.