नोसचमेथडएरर आला की आधी डिपेंडन्सी ट्री बघा
जावाचा कोड व्यवस्थित कंपाइल होतो, पण सर्व्हरवर 'नोसचमेथडएरर' (बोलावलेली मेथड सापडली नाही, अशी एरर) येतो, तेव्हा बहुतेकदा चुकीच्या आवृत्तीची लायब्ररी आत शिरलेली असते. मेवन या बिल्ड टूलची 'डिपेंडन्सी:ट्री' ही कमांड (कोणती लायब्ररी कोणावर अवलंबून आहे, त्याची झाडासारखी यादी) व्हर्बोज, म्हणजे सविस्तर, पर्यायासह चालवा. कोणती आवृत्ती कुणामुळे आली, कोणती गळली ते दिसतं. मेवन सर्वांत नवी आवृत्ती निवडत नाही, ट्रीमध्ये तुमच्या प्रोजेक्टला जवळची असेल ती घेतो. अंतर सारखं असेल तर पॉममध्ये (मेवनच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये) आधी लिहिलेली. (ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल मात्र सहसा सर्वांत वरची आवृत्ती घेतं.) म्हणून हवी ती आवृत्ती पॉममधल्या 'डिपेंडन्सी मॅनेजमेंट' भागात पक्की करा. एक्सक्लूजन (नको ती लायब्ररी वगळणं) अगदीच नाइलाज असेल तेव्हा. सर्व्हलेट एपीआय या लायब्ररीचा स्कोप 'प्रोव्हायडेड' (सर्व्हर पुरवेल, सोबत बांधू नका) ठेवा, ती टॉमकॅट सर्व्हरकडे असतेच. मग 'क्लीन' करून (जुनं बिल्ड पुसून) बिल्ड घ्या आणि वॉर फाइल (सर्व्हरवर टाकायचं वेब ॲपचं पॅकेज) उघडून लिब फोल्डरमध्ये गोंधळ घालणाऱ्या लायब्ररीची एकच जार (लायब्ररीची फाइल) आहे ना, ते स्वतः तपासा.